रूळ उखडल्यावर

रस्ता म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर आमच्या पिढीनें कधीं विचारपूर्वक दिलें नाहीं. तें मोटारींनीं परस्पर देऊन टाकलें. आमच्या लहानपणीं रस्ता ही एक वावरण्याची जागा होती. पुण्याच्या पेठांतून सायकलींचे थवेच्या थवे जात. त्यांत दोघे मित्र शेजारीं शेजारीं बोलत चालले आहेत, मागून येणारा घंटी वाजवून त्यांना बाजूस करीत आहे, आणि तोहि जातां जातां दोन शब्द बोलून पुढें जात आहे, हा देखावा नित्याचा होता. पुण्याला सायकलींचें शहर म्हणत तें उगीच नव्हे. आज त्याच रस्त्यावर सायकल काढणें हें साहस समजलें जातें, आणि पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें तें केल्यास त्याच्या शहाणपणाविषयींच शंका घेतली जाते. आमच्या घरांत ती घेतली गेली आहे. अधिक सांगत नाहीं.

तेव्हां ज्या वाटेवर दीडशें मैलांत मोटारीशीं गांठ पडते ती केवळ एखादा रस्ता आडवा ओलांडतांना, अशी वाट पृथ्वीवर आहे असें आमच्या धाकट्या भावानें कळविलें, तेव्हां आम्हीं तें अमेरिकेंत राहणाऱ्या मनुष्याच्या नेहमींच्या अतिशयोक्तींत जमा केलें. तो तीस वर्षें पिट्सबर्ग शहरांत आहे. गेल्या ऑक्टोबरांत त्याच्याकडे जाण्याचा योग आला आणि त्याच्याबरोबर चार दिवस आम्ही त्या वाटेनें सायकलवरून गेलों. वाचकांस प्रवासवर्णनें पुष्कळ वाचावयास मिळतात, आणि त्यांतील बहुतेकांत लेखकाच्या जेवणाची हकीकत फार असते. ती आम्ही गाळतों.

पिट्सबर्ग येथें ॲलेगेनी व मोनाँगाहीला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी होते. त्या संगमापासून निघून आग्नेय दिशेनें मेरिलंड राज्यांतील कंबरलंड या गांवापर्यंत ही १५० मैलांची वाट जाते. तिचें नांव ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’. शहरांतील भाग सोडले तर वाटेवर डांबर नाहीं. चुनखडीच्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसविला आहे. पावसाचें पाणी त्यांतून मुरून जातें, चाक रुतत नाहीं, आणि त्याखालीं जो एक अखंड कुरकुर आवाज होतो तो पहिल्या दिवशीं कानांस टोचतो व चौथ्या दिवशीं बंद झाला म्हणजे चुकल्यासारखें वाटतें. अशा खडीच्या वाटांसाठीं हल्लीं निराळ्या सायकली निघाल्या आहेत. त्यांचें हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणें वांकडें असतें, परंतु टायर चांगले रुंद. भावानें आमच्यासाठीं अशी एक मागवून ठेविली होती. तीस मागें कॅरिअर जोडलेलें पाहून आम्हांस हायसें वाटलें. कॅरिअरविना सायकल आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

ही वाट डोंगरांतून जाते, आणि तरीहि तिच्यावर चढ असा जाणवत नाहीं. याचें कारण ती मुळांत सायकलस्वारांसाठीं केलेलीच नाहीं. तेथें पूर्वीं आगगाडीचे रूळ होते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार उताराच्या जागीं घसरतें. म्हणून वाफेच्या एंजिनाला जड गाडी ओढतां यावी अशा बेतानें इंजिनियर डोंगर कापतात, दऱ्या भरतात, पूल बांधतात, आणि जेथें कांहींच चालत नाहीं तेथें बोगदा पाडतात. पिट्सबर्गहून निघाल्यावर सव्वाशें मैलांत वाट सुमारें सोळाशें फूट चढते, म्हणजे सरासरीनें शंभर फुटांस पुरता एक फूटहि नाहीं. कंबरलंडच्या बाजूनें चढ अधिक कडक आहे, परंतु तोहि शंभरास पावणेदोन फुटांच्या आसपास. १८६३ सालीं सुरू झालेल्या आमच्या बोरघाटाचा चढ सदतिसांत एक आहे, हें ज्यांना ठाऊक असेल त्यांना हा फरक तात्काळ समजेल. एंजिनाच्या सोयीसाठीं शंभर वर्षांपूर्वीं केलेल्या या खटाटोपाचा लाभ आज आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांना मिळतो. ज्यांनीं सुरुंग लावले त्यांच्या हें स्वप्नांतहि नसेल.

इतिहास थोडा सांगितला पाहिजे. यॉकागेनी व कॅसलमन या नद्यांच्या खोऱ्यांतून दोन कंपन्यांनीं दोन लोहमार्ग नेले होते. नदीच्या एका कांठानें बाल्टिमोर-ओहायो रेल्वे, आणि बराच मागाहून, १९१२ सालीं, दुसऱ्या कांठानें वेस्टर्न मेरिलंड रेल्वे. (यॉकागेनी हें नांव इंग्रजींत ज्या रीतीनें लिहितात त्यावरून त्याचा उच्चार बसविण्याचा आम्हीं तीस वर्षांच्या अध्यापनाच्या बळावर प्रयत्न केला, आणि एका खानावळींतील मुलीनें तो अतिशय प्रेमळपणें दुरुस्त केला.) कोळसा व पोलाद यांची भरभराट होती तोंवर दोघींनाहि काम होतें. पुढें दोन्ही कंपन्या एकाच व्यवस्थेखालीं आल्या. एकाच दरींत दोन मार्ग कशाला, असा हिशेब झाला, आणि १९७५ सालीं दुसऱ्या कांठाची गाडी थांबली. रूळ उखडून नेले. राहिली ती भरावाची पट्टी, पूल आणि बोगदे. १९८६ सालीं ओहायोपाइल या गांवाजवळचे थोडेसे मैल प्रथम सायकलींना खुले झाले. त्यानंतर गांवोगांवच्या मंडळींनीं एकेक तुकडा मिळवीत, वर्गणी जमवीत, सरकारच्या मागें लागत काम चालविलें. शेवटचा तुकडा जोडला गेला तो २०१३ सालीं. सत्तावीस वर्षें! पहिल्या दिवशीं फावडें घेऊन आलेल्यांपैकीं कित्येकांनीं शेवटचा दिवस पाहिलाहि नसेल.

या कामांत एक कायद्याची बाजू आहे, ती आम्हांस विशेष मनोरंजक वाटली. आगगाडी बंद झाली कीं त्या पट्टीवर शेजारचे जमीनमालक हक्क सांगूं लागतात, आणि पट्टी एकदां तुटली कीं ती पुन्हां जोडणें अशक्यच. म्हणून १९८३ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा दुरुस्त करून अशी तजवीज केली कीं, अशी पट्टी भविष्यकाळीं रूळ पुन्हां घालण्यासाठीं राखून ठेवावी, व तोंपर्यंत तिचा वाट म्हणून उपयोग करूं द्यावा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें आगगाडी मेलेली नाहीं, निजलेली आहे. व्हरमाँट राज्यांतील एका कुटुंबानें याविरुद्ध दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० सालीं न्यायालयानें कायदा ग्राह्य ठरविला. मात्र मालकांना नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. सार्वजनिक हित ही गोष्ट खरी, परंतु ती दुसऱ्याच्या शेतांतून जात असतांना त्याला फुकट आनंद मानावयास सांगूं नये.

पहिला दिवस, छत्तीस मैलांचा, आम्हांस फारसा आवडला नाहीं. अर्धा वेळ शहर संपतच नाहीं. परंतु होमस्टेड येथें थांबणें भाग होतें. १८९२ सालच्या ६ जुलैला येथें नदीच्या कांठीं कार्नेगीच्या पोलाद कारखान्यांतील संपवाले कामगार आणि होड्यांतून आणलेले भाडोत्री पहारेकरी यांची लढाई झाली व दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. ज्या कार्नेगीच्या वाचनालयांची कीर्ति आम्हीं विद्यार्थिदशेंत ऐकली तोच हा. कारखाना १९८६ सालीं बंद झाला. आतां तेथें दुकानें आहेत, आणि त्यांच्या एका कडेला बारा उंच धुराडीं ओळीनें उभीं आहेत. त्यांतून धूर निघत नाहीं. भावाच्या मुलीनें, ती लहान असतांना, तीं देवळाचे खांब आहेत काय असें विचारलें होतें म्हणे.

दुसऱ्या दिवशीं वेस्ट न्यूटन गांव सोडल्यावर वाट यॉकागेनीच्या कांठानेंच जात राहते आणि रान दाट होतें. ओक, मेपल, हिकरी. पानें पिवळीं, तांबडीं झालेलीं. वारा आला कीं वाटेवर झिरझिर गळत. हें अरण्य आदिम नव्हे. इमारती लांकडासाठीं व खाणींसाठीं हे डोंगर एकदां उघडे झाले होते. आजचीं झाडें ही दुसरी पिढी. या बाजूस डार नांवाची कोळशाची खाण होती. १९०७ सालच्या १९ डिसेंबरला तींत स्फोट होऊन २३९ माणसें व मुलें मेलीं. त्यांत हंगेरीकडून आलेले पुष्कळ होते. त्याच दिवशीं त्यांच्या पंचांगाप्रमाणें संत निकोलसचा सण होता; जे सण पाळून देवळांत गेले ते वांचले, जे कामावर गेले ते राहिले. आम्ही तेथें सायकली उभ्या करून पाणी प्यालों. रानांतील शांततेविषयीं लेखक मंडळी फार लिहितात. ही शांतता कशावर बसली आहे हें ठाऊक असलें म्हणजे तिच्याविषयीं लिहितांना हात थोडा आखडतो. तरीपण ती शांतता खोटी नव्हे, आणि ती आम्हांला हवीच होती.

कारण आम्हां दोघां भावांस बोलावयाचें होतें. तीस वर्षांत आमचें बोलणें झालें तें दूरध्वनीवर. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. एकजण घाईंत, दुसरा पेंगलेला. बोलण्याचा विषय कोणता, तर आई आणि घर. आई चौऱ्यायशीं वर्षांची आहे, आणि घर तिच्याहून वृद्ध. पेठेंतील जुना वाडा, लांकडी जिना, चौदा पायऱ्या. वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधावी, तींत आईला लिफ्टची सोय असलेलीं दोन खोल्यांची जागा मिळेल, असें आमचें मत. पाडूं नये असें धाकट्याचें. त्याची सही नसल्यानें कागद तीन वर्षें तसेच पडले आहेत.

समोरासमोर बसून हा विषय काढणें कठीण जातें, हा अनुभव बहुतेक कुटुंबांना असेल. चहाच्या टेबलाशीं बसलें कीं मनुष्य एकमेकांचा चेहरा वाचूं लागतो, आणि चेहऱ्यावरील आठ्या पाहून उत्तरें देतो. सायकलवर तसें होत नाहीं. दोघांचीहि नजर समोर असते. शब्द बाजूनें येतात. उत्तर सुचलें नाहीं तर पुढें पाहून पाय मारीत राहावें. त्यांत अवमान नाहीं. मात्र यासाठीं रस्ता असा पाहिजे कीं दोघांना शेजारीं शेजारीं जातां आलें पाहिजे, आणि मागून कोणी भोंगा वाजवितां कामा नये.

तिसऱ्या दिवशीं कॉन्फ्लुअन्स गांव मागें टाकून कॅसलमन नदीच्या कांठानें चाललों होतों. नदी उजेडांत मधूनमधून दिसे. पलीकडच्या कांठानें एक मालगाडी गेली. तिचे डबे मोजण्याचा आम्हीं प्रयत्न केला आणि शंभराच्या पुढें कंटाळलों. ती दिसेनाशी झाल्यावर धाकटा एकदम म्हणाला,

“दादा, बाबांनीं शेवटीं माझी आठवण काढली होती का?”

वडील जाऊन अकरा वर्षें झालीं. तो तिसऱ्या दिवशीं पोहोंचला होता. अशा वेळीं जें सांगण्याची रीत आहे तें आमच्या जिभेवर आलें होतें. परंतु तो विचारीत होता तें समजूत घालून घेण्यासाठीं नव्हे, हें त्याच्या आवाजावरून कळत होतें.

“शेवटचे दोन दिवस ते कोणालाच ओळखत नव्हते,” आम्हीं सांगितलें. “मलाहि नाहीं. आईला मात्र एकदां ओळखलें, असें तिला वाटतें.”

“म्हणजे मी वेळेवर आलों असतों, तरी—”

“तरी ओळखलें नसतें.”

मैलभर कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, “हें अकरा वर्षांत कधीं सांगितलें नाहींस.”

“तूं विचारलें नाहींस.”

“फोनवर कसें विचारणार?”

हें खरें होतें. पुढें बोलणें आपोआप वाड्यावर आलें, आणि त्याचा हट्ट कशासाठीं आहे हें आम्हांस प्रथमच नीट कळलें. वडिलांनीं आम्हां दोघांना एकाच काळ्या, उंच सायकलीवर, मधल्या नळीखालून पाय घालून, वाड्याच्या चौकांत चालावयास शिकविलें होतें. त्याच्या मनांत वडील गेले ते त्या चौकांत आहेत. तो चौक पाडावयाचा म्हणजे, ज्यानें अंत्यदर्शन घेतलें नाहीं त्याला, दुसऱ्यांदा उशीर होणें. आम्हीं त्याला सांगितलें कीं, “तुझा चौक तुझ्या आठवणींत कोरडा आहे. आमच्याकडे दरसाल शाकारणी करूनहि श्रावणांत माजघरांत पातेलीं मांडावीं लागतात. आणि चौदा पायऱ्या आई रोज उतरते, तूं नव्हे.”

“आईला काय हवें आहे?”

“आई म्हणते, तुम्ही दोघे मिळून ठरवा.”

“ती असेंच म्हणणार,” धाकटा म्हणाला, आणि तीन दिवसांत प्रथमच हंसला.

मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरीचा पूल लागतो. १,९०८ फूट लांब आणि सुमारें शंभर फूट उंच. सबंध दरी एका पावलांत ओलांडणारा. खालीं नदी, शेतें, चालू लोहमार्ग, आणि मोटारींचा हमरस्ता. वरून मोटारी मुंग्यांसारख्या दिसत होत्या व त्यांचा आवाज वर येईपर्यंत बारीक होई. दूर डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. धाकटा पेशानें इंजिनियर. त्यानें कठड्यावर हात ठेवून पुलाचे पोलादी पाय न्याहाळले आणि सांगितलें कीं, हा पूल आगगाडीच्या ओझ्यासाठीं आहे. आपल्यासारखे हजारों सायकलवाले एकदम गेले तरी त्याला कळणार नाहीं. परंतु म्हणून त्याला रंग, डागडुजी नको असें नाहीं. रिकाम्या पुलालाहि गंज चढतो. हें तो पुलाविषयींच बोलत होता असें आम्ही समजलों.

मायर्सडेल हें मेपलच्या गोड पाकासाठीं प्रसिद्ध असलेलें लहान गांव. जुनें स्टेशन जपून ठेवलें आहे व त्यांत गांवच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. येथें एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या खंडाळ्याजवळ घाटांत जुनें उलट-स्टेशन होतें. गाडी तेथें जाऊन तोंड फिरवी. १९२९ सालीं नवीन बोगद्यांचा मार्ग झाल्यावर तें सुटलें. टाकून दिलेल्या मार्गांविषयीं आमच्याकडे दोनच विचार संभवतात: एक, तेथें काय बांधतां येईल, दुसरा, तेथें कोण राहावयास येईल. तेथून चालत जावें, हा तिसरा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. जमिनीची टंचाई हें त्याचें कारण आहे हें आम्ही जाणतों, आणि गर्दीच्या देशानें विरळ वस्तीच्या देशाची नक्कल करावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु दहा फूट रुंदीची पट्टी मुलांना शाळेंत सायकलनें जाण्यासाठीं मिळावी, एवढें मागणें पुण्यासारख्या शहरांतहि फार नव्हे.

चौथ्या दिवशीं सकाळीं धुकें होतें. आठ मैलांवर, २,३९२ फुटांवर, पाणलोटाची सीमा लागते: येथून पश्चिमेस पडलेलें पाणी मिसिसिपीच्या वाटेनें मेक्सिकोच्या आखातांत, व पूर्वेस पडलेलें पोटोमॅकमधून अटलांटिक महासागरांत. थोडें पुढें बिग सॅव्हेज बोगदा, ३,२९४ फूट लांब. हिंवाळ्यांत त्यांत बर्फानें नुकसान होऊं नये म्हणून दारें लावून तो बंद ठेवतात. आंत दिवे आहेत, तरी मध्यावर थंडी अशी कीं बोटें हँडलवर आखडतात. बाहेर पडलों तों धुकें खालीं राहिलें होतें आणि मेरिलंडच्या डोंगरांच्या रांगा एकीमागें एक निळ्या होत गेल्या होत्या. तेथून मेसन-डिक्सन रेषा ओलांडून कंबरलंडपर्यंत वीसेक मैल सारा उतार. बोलणें शक्यच नव्हतें. पाय न मारतां आम्ही दोघे मुलांसारखे खालीं गेलों. छप्पन्न वर्षांच्या मनुष्यानें ओरडावें काय, हा प्रश्न आहे. तेथें ऐकावयास कोणी नव्हतें.

कंबरलंडला वाट संपते, पण मार्ग संपत नाहीं. तेथून जुन्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या कांठानें, खेंचरें ज्या पायवाटेनें होड्या ओढीत त्या पायवाटेनें, वॉशिंग्टनपर्यंत आणखी १८४॥ मैल जातां येतें. १९५४ सालीं तेथें मोटारींचा रस्ता करावा असें घाटत होतें व एका मोठ्या दैनिकानें त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनीं संपादकांना आव्हान दिलें कीं, आधीं माझ्याबरोबर ही वाट चाला, मग लिहा. संपादक निघाले. आठ दिवस चालणें झालें. थोडेच लोक शेवटपर्यंत टिकले. दैनिकानें आपलें मत बदललें. १९७१ सालीं ती सारी पट्टी राष्ट्रीय उद्यान झाली. न्यायाधीशानें निकाल देण्याऐवजीं पायपीट केली, हें आम्हांस फार आवडलें. धाकटा म्हणाला, “दादा, तूं निवृत्त झालास कीं हा कालवा करूं.” आम्हीं आमच्या गुडघ्यांकडे पाहिलें व होकार दिला.

त्या आधीं जानेवारींत तो पुण्यास येणार आहे. तीन महिने राहणार, वाड्यांतच झोंपणार, चौदा पायऱ्या आईचा हात धरून चढउतार करणार, आणि मग सही करावयाची कीं नाहीं तें ठरविणार. एवढें शेवटल्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं ठरलें होतें. जागा बदलावयाची झाल्यास मधल्या दोन वर्षांत आईला कोठें ठेवावें, तें बोलावयाचें राहिलें होतें. तें परततांना बोलूं म्हटलें. धाकट्याची पत्नी मोटार घेऊन आली होती; जी वाट चार दिवसांत झाली ती हमरस्त्यानें दोन तासांची. धाकटा चालवीत होता. दोन्ही बाजूंनीं मोठमोठ्या मालमोटारी पाणी उडवीत जात होत्या, आणि त्याचें सारें लक्ष आरशाकडे होतें.